अर्धशिशी : तीव्र झटक्यावरील औषधे

अर्धशिशीचा झटका सुरू झाल्यावर तो थांबविण्यासाठी वा सौम्य करण्यासाठी वापरली जाणारी औषधे. झटके येऊ नयेत म्हणून नियमितपणे द्यावयाची प्रतिबंधक औषधे यांहून वेगळी असतात. या विकारात बहुधा डोक्याच्या एका बाजूस ठणका लागतो, मळमळ वा वांती होते आणि प्रकाश व आवाज असह्य होतात. उपचार न केल्यास प्रौढांत झटका ४ ते ७२ तास टिकतो. आयुर्वेदीय ग्रंथांत याचे वर्णन ‘अर्धावभेदक’ या नावाने आढळते.

इतिहास : राय या धान्यावरील अरगट कवकातून आर्थर स्टोल यांनी १९१८ मध्ये एर्गोटामीन हे अल्कलॉइड वेगळे केले. रक्तवाहिन्या आकुंचित करण्याचा त्याचा गुणधर्म उपयोगी तसाच धोकादायकही आहे. पुणे जिल्ह्यातील शिरूर, दौंड इ. तालुक्यांत परिचित असलेल्या बाजरीवरही अरगट पडतो. परंतु ती कवकजाती निराळी असून तीत मुख्यतः क्लाव्हीन गटातील अल्कलॉइडे असतात. अशी बाजरी खाण्यात आल्याने १९५६-५७ मध्ये तत्कालीन मुंबई राज्याच्या दक्षिण भागात विषबाधेची साथ उद्भवली होती. १९९१ पासून सुमाट्रिप्टान व पुढे त्या गटातील इतर औषधे उपलब्ध झाली. ती सेरोटोनिनाच्या विशिष्ट ग्राहींवर कार्य करतात.

परिणामकारकता : मध्यम ते तीव्र वेदना दोन तासांत पूर्ण थांबण्याचे प्रमाण चाचण्यांत पुढीलप्रमाणे आढळले : पॅरासिटामॉल (१,००० मिग्रॅ.) १९%, ॲस्पिरीन (९०० ते १,००० मिग्रॅ.) २४%, आयबुप्रोफेन (४०० मिग्रॅ.) २६%, सुमाट्रिप्टान गोळी (५० मिग्रॅ.) २८% आणि त्याचेच त्वचेखालील अंतःक्षेपण (६ मिग्रॅ.) ५९%. औषधी द्रव्य नसलेल्या उपचाराने हे प्रमाण १० ते १५% होते. झटक्यात जठर मंदपणे रिकामे होत असल्याने गोळीचे शोषण लांबते. म्हणून वेदना सौम्य असतानाच पुरेशी मात्रा घेणे हितावह असते. मेटोक्लोप्रामाइडाने मळमळ कमी होते.

सुरक्षितता : हृद्‌रोहिणीविकार, पक्षाघात किंवा अनियंत्रित रक्तदाब असलेल्यांना ट्रिप्टाने व एर्गोटामीन वर्ज्य असून ही दोन्ही २४ तासांच्या आत एकापाठोपाठ घेऊ नयेत. एर्गोटामीन गर्भारपणातही वर्ज्य आहे. एरिथ्रोमायसिनाबरोबर ते घेतल्यास हातापायांचा रक्तपुरवठा खंडित होऊ शकतो. जठरव्रण वा वृक्कविकार असल्यास ॲस्पिरीन व आयबुप्रोफेन टाळतात. सोळा वर्षांखालील मुलांना ॲस्पिरीन देत नाहीत. अमेरिकेत २०१९-२० मध्ये मान्यता मिळालेली उब्रोजेपँट, रिमेजेपँट व लास्मिडिटान रक्तवाहिन्या आकुंचित करीत नाहीत. मात्र लास्मिडिटान घेतल्यावर आठ तास वाहन चालवू नये.

अतिवापर : साधी वेदनाशामके महिन्यातून १५ वा अधिक दिवस, तर ट्रिप्टाने, एर्गोटामीन वा मिश्र गोळ्या १० वा अधिक दिवस, याप्रमाणे तीन महिन्यांहून जास्त काळ घेतल्यास औषधामुळेच जवळजवळ रोजची डोकेदुखी जडू शकते. रुग्ण तिला मूळ विकार समजून गोळ्या वाढवितो व दुष्टचक्र सुरू होते. भारतात प्रचलित असलेल्या, एर्गोटामीन, कॅफीन व पॅरासिटामॉल असलेल्या मिश्र गोळ्या साध्या वेदनाशामक समजून घेणे म्हणूनच धोक्याचे असते. औषध घेतलेले दिवस नोंदवून ठेवल्यास अतिवापर वेळीच लक्षात येतो आणि प्रतिबंधक उपचार सुरू करता येतात. एकाएकी उद्भवलेली अतितीव्र डोकेदुखी, ताप व मान ताठरणे, अवयवांची दुर्बलता किंवा पन्नाशीनंतर प्रथमच सुरू झालेली डोकेदुखी ही अर्धशिशी न मानता तत्काळ वैद्यकीय तपासणी करवून घेणे आवश्यक असते.