शेवटच्या कडव्यापर्यंत थांबा

मंगेश पाडगावकरांचे शब्द, यशवंत देवांची चाल, अरुण दाते यांचा आवाज. ‘या जन्मावर, या जगण्यावर’ माहीत नाही असं मराठी घर सापडणं कठीण. शाळेच्या स्नेहसंमेलनात ते होतं, निवृत्तीच्या समारंभात होतं आणि शोकसभेतही होतं. पण गाणं इतकं सवयीचं झालं की त्याच्याबद्दलच्या काही समजुतीही तशाच पक्क्या होऊन बसतात.

गैरसमज : हे कुठल्यातरी जुन्या चित्रपटातलं गाणं आहे.

वस्तुस्थिती : हे भावगीत आहे. त्याला नायक-नायिका नाहीत, कथानक नाही. म्हणूनच आजोबा आणि नात दोघंही त्यात आपापला प्रसंग बघू शकतात.

गैरसमज : ज्याला आयुष्याचे चटके बसले नाहीत, तोच असं लिहू शकतो.

वस्तुस्थिती : पाडगावकरांना १९८० साली साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला तो ‘सलाम’ या संग्रहासाठी. सत्ता, गुंडगिरी, पैसा, ज्याच्या हाती जोर असेल त्याच्यापुढे वाकत जाणाऱ्या भेदरलेल्या माणसाची ती शीर्षक-कविता आजही अंगावर येते. माणसाची लाचारी इतक्या जवळून पाहणाऱ्यानेच जगण्यावर प्रेम करायला सांगितलं आहे. त्या सांगण्याला वजन आहे ते यामुळेच.

गैरसमज : चाल सोपी आहे, कुणीही म्हणावी.

वस्तुस्थिती : गुणगुणायला सोपी, गायला नाही. यशवंत देव शब्दप्रधान गायकीचा आग्रह धरणारे; त्यांनी त्याच नावाचं पुस्तकही लिहिलं. ऐकणाऱ्यापर्यंत आधी शब्द पोचला पाहिजे, हे त्यांचं सूत्र. अरुण दाते मूळचे इंदूरचे, शिक्षणाने टेक्स्टाइल इंजिनिअर. शेजारी बसून मनातलं सांगावं, तसं ते गायचे. गळ्याची करामत दाखवायची नाही आणि तरी गाणं सपाट होऊ द्यायचं नाही, हे करून बघितल्याशिवाय त्यातली मेहनत कळत नाही.

गैरसमज : या गाण्यात दुःखाला जागाच नाही.

वस्तुस्थिती : ही समजूत सर्वांत पक्की आणि सर्वांत चुकीची. भिजलेली माती, उगवतं पातं, बाळाचे बोबडे बोल हे सगळं आपल्याला आठवतं. पण संध्याकाळच्या रंगांनंतर काळोख येतो आणि चांदण्या फुलतात त्या त्याच्याच दारावर. शेवटच्या कडव्यात तर मरण थेट आलं आहे. इथे जगायला मिळणार असेल, तर पुन्हा पुन्हा मरण सोसायचीही कवीची तयारी आहे. शेवटची प्रतिमा पिंपळपानाची. प्रलयाच्या पाण्यात पानावर तरंगणारा बाळकृष्ण आपण चित्रांत पाहिलेला असतो; इथे त्या पानावर सगळं जग तरून जावं, अशी इच्छा आहे.

माझ्या मावशीच्या शोकसभेत तिच्या नातीने हे गाणं म्हटलं. मावशीने स्वतः उतरवून घेतलेली गाण्यांची वही तिच्या हातात होती. पहिली कडवी तिला पाठ होती. शेवटच्यासाठी तिने वही उघडली. त्या कडव्याखाली मावशीने शिसपेन्सिलीने दोनदा रेघ ओढली होती. आम्ही हे गाणं अनेकदा अर्ध्यावर सोडलं होतं. मावशी मात्र शेवटपर्यंत गेली होती.