आधी फ्रंट-एंड की थेट फुल-स्टॅक?

बालाघाट, वारासिवनी, लांजीकडच्या कॉलेजच्या पोरांचा हा नेहमीचा प्रश्न. माझं मत: आधी फ्रंट-एंड, पण त्यातच वर्ष घालवू नका.

फुल-स्टॅक म्हणजे ब्राउझरमध्ये दिसणारी बाजू (फ्रंट-एंड), सर्व्हर आणि डेटाबेस, तिन्ही सांभाळणं. फ्रंट-एंडला नुसता ब्राउझर आणि नोटपॅड पुरतं, आणि चूक झाली की लगेच डोळ्यांसमोर दिसते.

सराव म्हणून आपल्या चिन्नोरच्या ऑर्डरचं वेबपान बनवा. बालाघाटच्या या तांदळाला २०२१ मध्ये जीआय मानांकन मिळालं. एचटीएमएलने मजकूर आणि वजनाचा रकाना, सीएसएसने मांडणी, जावास्क्रिप्टने भाव गुणिले वजन. रक्कम मराठीत हवी? जावास्क्रिप्टच्या टूलोकेलस्ट्रिंगला मराठीचा कोड द्या, १२३४५६ चं थेट १,२३,४५६ होतं, लाखाच्या स्वल्पविरामासकट! (मला याचं अजून अप्रूप आहे.)

आता पान रिफ्रेश करा. भरलेली ऑर्डर गायब! ब्राउझरच्या लोकलस्टोरेजमध्ये ठेवली तरी ती त्याच ब्राउझरपुरती. दुकानदाराला दिसणार नाही. सर्व्हर आणि डेटाबेस कशाला लागतात, हे इथे आपोआप कळतं. मग नोड शिका. २००९ साली आलेल्या नोडमुळे तीच जावास्क्रिप्ट सर्व्हरवरही चालते, नवी भाषा लागत नाही.

रिअ‍ॅक्ट या जावास्क्रिप्ट लायब्ररीची घाई मात्र नको. फंक्शन, अ‍ॅरे आणि फेच पक्कं झाल्याशिवाय त्याला हात लावू नका.

रंग-मांडणीचा कंटाळाच असेल, तर पायथन आणि एसक्यूएलपासून सुरुवात केली तरी चालेल. शिकायला एमडीएन आणि फ्रीकोडकॅम्प या साइट फुकट आहेत. महागडा कोर्स नंतर बघू.