दुखणारं हाड, रक्तातलं मूळ



रक्ताच्या कर्करोगात हाडं का दुखतात? मल्टिपल मायलोमात अस्थिमज्जेतल्या बिघडलेल्या प्लाझ्मा पेशी हाड झिजवणाऱ्या पेशींना चेतवतात. याचा पुरावा 1974 मध्ये मिळाला. दुसरी बाजू 2003 मध्ये अर्कान्सासच्या संशोधकांनी दाखवली: ‘डीकेके-1’ हे प्रथिन हाड बांधणाऱ्या पेशींना रोखतं. म्हणजे झीज होते आणि ती भरूनही येत नाही. अशी पाठदुखी ‘वयाची’ समजून रुग्ण महिनोन्‌महिने मलम चोळत राहतो, हे फार क्लेशदायक आहे.

मुलांच्या ल्युकेमियात मात्र कर्करोगी पेशींची गर्दी मज्जेत दाटते, म्हणून हाडं दुखतात. लंगडणारं मूल कधी संधिवाताचं समजलं जातं.

मायलोमातली झीज झोलेड्रोनिक ॲसिड या औषधाने मंदावते.