मिठातले जीव आणि पाण्यातला धातू

वसमतला समुद्र नाही, पण खारे पाणी घरोघरी आहे; लोणच्याच्या बरणीत. मिठामुळे जीवाणूंच्या पेशींतले पाणी बाहेर ओढले जाते, त्यांची वाढ थांबते आणि कैरी वर्षभर टिकते. हे वर्गात दाखवता येईल. कोमट दुधाच्या दोन वाट्यांत सारखे विरजण घालावे. एकीत दोन-तीन चमचे मीठही मिसळावे. त्या वाटीत नेहमीसारखे दही लागत नाही.

हीच अडचण सांडपाण्यात येते. कातडी टिकवायला मीठ वापरतात आणि कमावायला बहुधा क्रोमिअमचे क्षार. म्हणून त्या उद्योगाचे पाणी खारटही असते आणि धातूयुक्तही. सांडपाणी शुद्ध करणारे नेहमीचे जीवाणू त्यात तग धरत नाहीत. मग हे काम कोणाला सांगायचे?

उत्तर मिठागरांत सापडते. आटत आलेल्या पाण्याला तेथे लालसर छटा येते, ती बरीचशी लवणप्रेमी सूक्ष्मजीवांमुळे. त्यांतले पुष्कळ जीव काटेकोरपणे पाहता जीवाणू नव्हेत, तर 'आर्किया' या वेगळ्या गटातले आहेत. ते पेशीत पोटॅशिअम क्लोराइड साठवतात, त्यामुळे आतले पाणी टिकते. त्यांच्या पृष्ठभागावर ऋणभार भरपूर असतो. कॅडमिअम, शिसे यांचे धनभारित आयन तेथे चिकटू शकतात. काही लवणप्रेमी जीवाणू विषारी षट्संयुजी क्रोमिअमचे रूपांतर कमी विषारी त्रिसंयुजी क्रोमिअममध्ये करतात.

आपल्या शेजारी, गोव्यातल्या मिठागरांवर असे काम झाले आहे. बिट्स पिलानीच्या गोवा केंद्रातील संशोधकांनी 'हॅलोफेरॅक्स'च्या एका वाणाची कॅडमिअम सहन करण्याची क्षमता तपासून २०१४ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. रायबंदरच्या मिठागरातल्या 'हॅलोकॉकस'ने चांदीच्या आयनांपासून चांदीचे अतिसूक्ष्म कण बनवल्याचेही तेथेच दिसून आले.

एक गोष्ट मात्र विद्यार्थ्यांच्या मनावर ठसवावी, असे आम्हाला वाटते. हे जीव धातू 'खाऊन संपवत' नाहीत. सेंद्रिय घाण कुजते, तिचा कार्बन डायऑक्साइड होतो. शिसे मात्र शिसेच राहते. धातू धरलेल्या पेशी वेगळ्या काढून त्यांची नीट विल्हेवाट लावली नाही, तर पाण्यातले विष गाळात गेले, एवढेच होते. म्हणून 'जुनी बॅटरी फोडून उकिरड्यावर टाकली, तर तिच्यातल्या शिशाचे पुढे काय होते?' हा प्रश्न वर्गात जरूर विचारावा.