सुंठीवाचून बरे झालेले निम्मे
ओळखीची औषधं : लेखांक ६

गेल्या आठवड्यात हळदीची गोष्ट झाली. आज तिच्याच कुळातलं आलं. हळद, आलं, वेलदोडा आणि कुलिंजन ही सगळी झिंजिबरेसी कुळातली भावंडं. आमवातावर सुंठीच्या काढ्यातून एरंडेल द्यायची आयुर्वेदाची रीत जुनी आहे, आणि गुडघे धरले की घरातली वडीलधारी माणसं आजही आधी सुंठीचीच आठवण करून देतात. या भरवशाला आधार किती?

आधी सूज समजून घेऊ. इजा झाली की पेशींच्या आवरणातून ॲराकिडॉनिक आम्ल सुटं होतं. त्याला पुढे दोन वाटा असतात. सायक्लोऑक्सिजिनेज हे विकर त्यापासून प्रोस्टाग्लँडिनकडे नेणारे पदार्थ बनवतं; त्यातून ठणका, लाली, ऊब येते. लायपॉक्सिजिनेज हे दुसरं विकर ल्युकोट्रिन बनवतं, ते पांढऱ्या पेशींना इजेच्या जागी बोलावून घेतात. ॲस्पिरिन यातली पहिली वाट अडवतं, हे जॉन वेन यांनी १९७१ मध्ये दाखवलं आणि १९८२ च्या नोबेल पुरस्कारात त्यांचा वाटा ठरला. आयबुप्रोफेनही तिथेच काम करतं. आल्याला तिखटपणा देणारं जिंजेरॉल मात्र प्रयोगशाळेत या दोन्ही विकरांना आवर घालताना दिसलं. अभ्यासकांचं लक्ष आल्याकडे वळलं त्याचं हे एक मोठं कारण.

आलं वाळलं की जिंजेरॉलमधून पाण्याचा एक रेणू निघून जातो आणि शोगॉल तयार होतं. ते जास्त तिखट असतं, आणि पेशींवरच्या बऱ्याच प्रयोगांत सुजेविरुद्ध जास्त प्रभावीही ठरलं आहे. शिजवताना काही जिंजेरॉलचं सौम्य झिंजेरॉन होतं. म्हणजे चहातलं आलं, भाजीतलं आलं आणि डब्यातली सुंठ यांची रासायनिक घडण सारखी नसते. भावप्रकाश निघंटूत आर्द्रक आणि शुंठी यांच्या नोंदी वेगळ्या आहेत, त्या उगीच नव्हेत.

पण परीक्षानळी म्हणजे गुडघा नव्हे. पोटात गेलेल्या जिंजेरॉलला आतडी आणि यकृत लगेच ग्लुकुरोनिक आम्लाची जोड देतात. रक्तात मूळ रूपात ते फारच थोडं उरतं. त्यामुळे खरा निकाल माणसांवरच्या चाचणीतच लागतो.

अशी एक गाजलेली चाचणी २००१ साली अमेरिकेत प्रसिद्ध झाली. ऑल्टमन आणि मार्कुसन यांनी गुडघ्याच्या संधिवाताच्या २४७ रुग्णांची सहा आठवड्यांची आकडेवारी मांडली. काहींना अर्काची कॅप्सूल, काहींना तशीच दिसणारी पण औषध नसलेली. उभं राहताना होणारी वेदना अर्क घेणाऱ्यांपैकी ६३ टक्क्यांची लक्षणीय कमी झाली. नुसती कॅप्सूल घेणाऱ्यांपैकी? ५० टक्क्यांची! सुंठीवाचून खोकला गेला म्हणतात तो हा प्रकार. कधी दुखणं आपसूक उतरतं, कधी औषध घेतल्याच्या विश्वासानेच बरं वाटतं. अर्काच्या पदरात टाकता येतात ते शंभरातले तेराच जण. त्यातही त्या अर्कात कुलिंजन मिसळलेलं होतं, म्हणजे श्रेय एकट्या आल्याचं नाही. पोटाच्या तक्रारी मात्र अर्क घेणाऱ्यांत ५९ जणांना आल्या, दुसऱ्या गटात २१ जणांना.

डेन्मार्कमधल्या २००० सालच्या एका चाचणीत वेदना कमी करण्यात आयबुप्रोफेन पहिलं, आलं दुसरं आणि बिनऔषधाची कॅप्सूल तिसरी आली. पाळीच्या वेदना तर प्रोस्टाग्लँडिनमुळेच होतात. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या इराणमधल्या अभ्यासात विद्यार्थिनींना पहिले तीन दिवस २५० मिलिग्रॅम सुंठपूड दिवसातून चारदा दिली, आणि आराम मेफेनॅमिक ॲसिड व आयबुप्रोफेनच्या तोडीचा मिळाला. निकाल उमेद वाढवणारा आहे. पण तिथे बिनऔषधाचा गटच नव्हता. सुंठीवाचून किती जणींना बरं वाटलं असतं, ते त्यातून कळत नाही.

तर व्यवहार असा ठेवावा. झिजेच्या गुडघेदुखीत रोजच्या जेवणात आलं-सुंठ असायला हरकत नाही. मिळालाच तर थोडा आराम मिळेल. जळजळ होत असेल तर बेतानं. वॉरफरिनसारखं रक्त पातळ ठेवणारं औषध चालू असेल तर अर्काच्या गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नयेत. आणि सकाळी बोटं आखडतात, दोन्ही हातांचे सांधे सुजतात, हे आठवडेच्या आठवडे चाललं असेल तर काढ्यावर वेळ घालवू नये. ऱ्हुमॅटॉइड संधिवातात सांध्याची हानी सुरुवातीच्या महिन्यांतच होऊ लागते. ती रोखायला मेथोट्रेक्सेटसारखी औषधं लागतात, आणि ती जितकी लवकर सुरू होतील तितका सांधा वाचतो.

(पुढील आठवड्यात : मिरी. हळदीच्या गोळ्यांत ती कशाला घालतात?)