कुसळ आणि फूल

कुहीकडे धानाची कापणी लागली की लाल डोळ्यांची माणसं नागपूर गाठतात, एवढ्या ऐकीव माहितीवर संपादकांनी मला पिटाळलं. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ आपण म्हणीपुरतं ओळखतो. धानाचं खरं कुसळ कॉर्नियावर ओरखडा काढतं, त्यातून फ्युजेरियम किंवा अस्परजिलस बुरशी आत शिरते, आणि महिनोन्महिन्यांनी जखम भरली तरी पांढरा डाग उरतो. गावात म्हणतात, डोळ्यात फूल पडलं.

त्यावर उपाय कॉर्निया प्रत्यारोपणाचा; त्याचा इतिहास थोडक्यात सांगतो. माणसातलं पहिलं यशस्वी कॉर्निया प्रत्यारोपण 1905 साली एडुआर्ड झिर्म यांनी ओलोमोउत्स इथे केलं, भारतातली पहिली नेत्रपेढी 1945 साली मद्रासला निघाली. मी अडकलो तो नागपुरातल्या एका प्रयोगशाळेत, मायक्रोटोम या काप काढायच्या यंत्रापाशी.

प्रत्यारोपणात काढलेली कॉर्नियाची आजारी चकती इथे येते आणि मेणात बसते. प्रयोगशाळेतल्या ताई चाक फिरवतात, पात्यावरून चार-पाच मायक्रॉन जाडीचे काप रिबिनीसारखे सुटतात. दुधावरची साय उचलावी तसे त्या ते कोमट पाण्यावरून काचेवर घेतात. निरोगी कॉर्नियाच्या कापात थराथरांत फटी दिसल्या. मला वाटलं, काप बिघडला. ताई हसल्या. प्रक्रियेत त्या फटी पडायच्याच; त्या दिसल्या नाहीत तर कॉर्नियात पाणी भरल्याचा संशय घ्यायचा.

मग रंग. एकेका प्रथिनाला नेमकी चिकटणारी अँटिबॉडी लावायची. प्रथिन असेल तिथे तपकिरी रंग उमटतो. निरोगी कापात थरांमध्ये चपट्या, निजल्यासारख्या केराटोसाइट पेशी असतात आणि त्यांच्यावर सीडी34 ही खूण उमटते. फुलाच्या जागी ती पुसलेली. तिथे दिसतं अल्फा-स्मूथ मसल अॅक्टिन, म्हणजे आतड्याच्या भिंतीतल्या स्नायूंचं प्रथिन! डोळ्याच्या काचेत स्नायूचं काय काम? वरच्या आवरणाखालचा पडदा फाटला की टीजीएफ-बीटा हा निरोप खाली झिरपतो. निजलेल्या पेशी जाग्या होतात, मूळ ओळख सोडतात, जखम आवळतात आणि कोलॅजनचे धागे कसेही टाकतात. कॉर्निया पारदर्शक असतो तो या धाग्यांच्या शिस्तीमुळे. शिस्त मोडली की प्रकाश विखुरतो. फूल हे डोळ्याने घाईत स्वतःलाच घातलेलं ठिगळ आहे. मला ते पाहून पेशींची कीवच आली.

तंबाखूच्या चुन्याची पुडी पोराच्या डोळ्यात फुटते तेव्हा गोष्ट वेगळी. कडेच्या लिंबसमधल्या मूळपेशी जळतात आणि पांढऱ्या भागाचं आवरण आत सरकतं. कापात कॉर्नियाचं केराटिन 12 मावळतं, परक्या आवरणाचं केराटिन 13 उगवतं.

एवढं कळूनही कुहीतल्या माणसाच्या हाती काय पडतं? डोळा लाल झाला की तो आधी औषधाच्या दुकानातून थेंब आणतो. त्यात स्टेरॉइड असलं तर दोन दिवस बरं वाटतं आणि आत बुरशी फोफावते. नखाएवढा खरवडा पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या थेंबात भिजवून पाहिला तर बुरशी काही मिनिटांत दिसते, पण तोवर आठवडा उलटलेला असतो. नंतर उरतं प्रत्यारोपण, आणि त्याला हवा दात्याचा डोळा. मृत्यूनंतर सहा तासांच्या आत तो काढावा लागतो. कुही नागपूरपासून चाळीसेक किलोमीटर. रात्री कुणी गेलं तर घरच्यांनी फोन करायचा, पंखा बंद करायचा, पापण्या मिटून ओला कापूस ठेवायचा, डोकं उशीवर उंच ठेवायचं. त्या घटकेला हे आठवणार कुणाला? मिळालेला कॉर्निया साठवणीच्या साध्या एमके द्रवात चारच दिवस टिकतो.

तो मिळाला तर अर्थातच रुग्णाला जातो. मधली साडेसात-आठ मिलिमीटरची चकती शिवली जाते. ताईंच्या वाट्याला आली तर उरलेली कड. आजारी काप कितीही नीट रंगवला तरी शेजारी निरोगी काप हवा, नाहीतर रंग खरंच पुसला की अँटिबॉडीच उतरली, हे ठरत नाही. मी गेलो त्या दिवशी कड नव्हती. तीन आजारी चकत्या मेणात बसून होत्या आणि ताई फ्रिजमधल्या अँटिबॉडीच्या कुपीवरची मुदत वाचत होत्या.