युद्धाविना उद्ध्वस्त झालेले बेट

युद्धाने भूमी बेचिराख होते, हे कोणी समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. परंतु जेथे शत्रूने एकही गोळी झाडली नाही, त्या भूमीवर तिच्याच रक्षणकर्त्यांनी सुमारे साठ वर्षे बॉम्बवर्षाव करावा, आणि या विनाशाला ‘सराव’ असे सौम्य नाव असावे, ही गोष्ट सहसा आपल्या ध्यानी येत नाही. कॅरिबियन समुद्रातील व्हिएकेस या चिमुकल्या बेटाची कथा त्यासाठीच मुळातून समजून घेण्याजोगी आहे.

व्हिएकेस हे पोर्तो रिकोच्या पूर्वेस वसलेले, जेमतेम चौतीस किलोमीटर लांबीचे बेट. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४१ पासून, अमेरिकेच्या नौदलाने त्यातील सुमारे तीन-चतुर्थांश जमीन ताब्यात घेतली. पश्चिमेला दारूगोळ्याची कोठारे आणि पूर्वेला मारगिरीचे क्षेत्र अशी वाटणी झाली. मधल्या चिंचोळ्या पट्ट्यात बेटाची सारी लोकवस्ती कोंबली गेली. हे लोक कायद्याने अमेरिकेचेच नागरिक. पण ज्या राष्ट्राध्यक्षाच्या हाती सैन्याची सूत्रे, त्याच्या निवडणुकीत त्यांना मताधिकार नाही. ज्याचा आवाज क्षीण, त्याच्याच अंगणात तोफा आणून ठेवल्या जातात, हा जगाचा जुना न्याय येथेही चुकला नाही.

समुद्रकिनारी टाकलेला बॉम्ब केवळ खड्डा पाडून थांबत नाही. स्फोटाने प्रवाळांचे खडक फुटतात; शतकांनी उभारलेले क्षणात ढासळते. खारफुटीची वने आणि त्यांच्या आडोशाची खाजणे म्हणजे माशांच्या पिल्लांचे पाळणाघर. तेही छिन्नविच्छिन्न होते. स्फोटकांतील रसायने आणि जड धातू मातीत मुरतात, आणि पावसाबरोबर पुन्हा समुद्रात उतरतात. न फुटलेले बॉम्ब पाण्याखाली गंजत पडतात व पोटातले विष थेंबाथेंबाने सोडीत राहतात. १९९९ मध्ये तर क्षीण युरेनियमयुक्त गोळ्यांच्या २६३ फैरी नियम डावलून येथे झाडल्या गेल्या, ही कबुली खुद्द नौदलानेच दिली.

याला पहिला संघटित विरोध केला तो मच्छीमारांनी. युद्धनौकांच्या येण्याजाण्याने त्यांच्या सापळ्यांच्या दोऱ्या तुटत, मासेमारीची क्षेत्रे बंद राहत. १९७८ मध्ये आपल्या लहान होड्या घेऊन ते संयुक्त कवायतीसाठी आलेल्या युद्धनौकांना आडवे गेले. परंतु जगाचे लक्ष वेधले गेले ते १९ एप्रिल १९९९ रोजी. त्या दिवशी विमानातून सुटलेले बॉम्ब लक्ष्य चुकले आणि टेहळणी चौकीवरील एक स्थानिक सुरक्षारक्षक ठार झाला. त्यानंतर लोकांनी मारगिरीच्या क्षेत्रातच ठाण मांडले. वर्षभराहून अधिक काळ ते हलले नाहीत. जुलै २००१ च्या लोकमतात ६८ टक्के मतदारांनी नौदलाने तत्काळ निघून जावे असा कौल दिला. अखेर १ मे २००३ रोजी हा सराव कायमचा थांबला.

कथा येथे सुखान्त व्हावयास हवी होती. पण खरा प्रश्न येथूनच सुरू होतो. नौदलाने सोडलेली पूर्वेकडील जमीन वन्यजीव अभयारण्य म्हणून घोषित झाली. सर्वाधिक मारा सोसलेल्या सुमारे ९०० एकरांत तर सामान्य माणसाला प्रवेशच निषिद्ध झाला. वरवर पाहता हा निसर्गाचा सन्मान वाटतो. वस्तुतः जेथे मनुष्यवस्ती व्हावयाची नाही, तेथील जमीन तितक्या कसोशीने साफ करण्याचे बंधन उरत नाही, ही त्यातील मेख आहे. २००५ मध्ये अमेरिकेच्या अतिप्रदूषित स्थळांच्या राष्ट्रीय यादीत या बेटाचा समावेश झाला; सफाईचे काम अद्याप पुरे झालेले नाही. सापडलेले बॉम्ब उघड्यावर फोडून नष्ट करावेत, तर तो धूर पुन्हा बेटावरच पसरणार, अशी रहिवाशांची रास्त भीती आहे.

बेटावर कर्करोगाचे प्रमाण मुख्य पोर्तो रिकोपेक्षा अधिक असल्याचे तेथील आरोग्यविषयक नोंदींतून पुढे आले. केंद्रीय संस्थेने मात्र २००३ मध्ये आणि पुन्हा २०१३ मध्ये, हानी सिद्ध करण्यास पुरेसा आधार नाही, असा निर्वाळा दिला. शास्त्रीय सावधगिरी म्हणून हा निष्कर्ष समजू शकतो. परंतु पुराव्याचा भार नेहमी बाधितांनीच का वाहावा? ज्याने बॉम्ब टाकले त्याने निर्दोषता सिद्ध करू नये काय?

आपल्या किनाऱ्यालाही हा विषय अगदीच परका नाही. कर्नाटकातील मुरुडेश्वरसमोरचे नेत्राणी बेट प्रवाळांसाठी आणि समुद्री गरुडांच्या घरट्यांसाठी प्रसिद्ध. तेही आपल्या नौदलाच्या लक्ष्यवेधाच्या सरावासाठी वापरले गेले आहे.

सैन्याने सराव करू नये, असे कोणताही सुज्ञ नागरिक म्हणणार नाही. अशिक्षित सैन्य हे राष्ट्राला संकटच. म्हणणे इतकेच, की सरावाचा खर्च मांडताना इंधन आणि दारूगोळा यांच्या जोडीला ढासळलेले प्रवाळ, बुडालेली मासेमारी आणि पुढील पन्नास वर्षांची सफाई हीही त्याच हिशेबात धरली पाहिजे. आज ती रक्कम कोठेच नोंदली जात नाही. आणि जे कागदावर येत नाही ते किनाऱ्यावरच्या माणसाच्या माथी पडते. ज्या भूमीच्या रक्षणासाठी सैन्य असते, ती भूमीच सरावात खर्ची पडली, तर मग रक्षण ते कशाचे?